लेकरांना कामाला लावा

‘लेकरं निघालीत आता, चार दिवस बसू द्या की त्यांना!’ हे वाक्य या आठवड्यात दारात आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं मला ऐकवलं. शेजारच्या मावशींनी ऐकवलं, दुधाचा रतीब घालणाऱ्या दादांनी ऐकवलं, फोनवर माझ्या सख्ख्या बहिणीनंही ऐकवलं. कारण एवढंच की आमची थोरली गच्चीवर कुरडया घालत होती आणि धाकटा बापाबरोबर रानात धसकटं वेचायला गेला होता. मला या सल्ल्याचा राग आला आणि आठवडा सरला तरी तो उतरला नाही. म्हणून आज त्यावरच लिहिते.

आधी यंदाच्या उन्हाळ्याची गोष्ट. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असतं. ती तूट भरायला साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात. २०१८ सालीही ज्येष्ठच अधिक होता. धोंड्याच्या महिन्यात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे परतूर, आष्टी, वाटूर, मंठा, सेलू अशी सगळीकडची लग्नं लोकांनी आधीच उरकली आणि एप्रिल अन् अर्धा मे आमचा हळदीकुंकवात अन् मांडवातच गेला. कुरडया, खारोड्या, शेवया सगळं मागं पडलं. आता लग्नं थांबलीत, मृग तोंडावर आलाय आणि जावयांच्या धोंड्याच्या पंगती चालू आहेत. हा महिना संपला की थोरली हैदराबादला नोकरीवर रुजू होणार आणि धाकटा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्याला जाणार. म्हणजे घरात सगळ्यात जास्त कामं याच दिवसांत आहेत, आणि सगळ्यात जास्त हातही याच दिवसांत आहेत.

कुरडई हे एकट्या बाईचं काम नाही, हे ज्यांनी केली आहे त्यांना सांगायला नको. गहू तीन दिवस भिजत ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, फडक्यानं गाळून चीक रात्रभर बसू द्यायचा. पहाटे वरची निवळी अलगद ओतायची, खालचा घट्ट चीक मोजायचा, चुलीवर आधण ठेवून त्यात मीठ-हिंग घालायचं आणि चीक सोडला की चाटू एक क्षण थांबवायचा नाही, नाहीतर गुठळ्या झाल्याच. एकानं ओतायचं, एकानं घाटायचं, एकानं जाळ सांभाळायचा. चीक शिजला की तो गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर पळायचं. ऊन चढायच्या आत सगळ्या कुरडया घालून व्हाव्या लागतात.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आता जिना चढत नाहीत. त्या खाली चुलीपाशी पाटावर बसून चिकाकडे नुसतं बघतात आणि शिजला की नाही ते सांगतात. वरच्या फुग्यांचा आवाज बदलला की चीक झाला, हे त्यांनी यंदा थोरलीला जवळ बसवून शिकवलं. ‘ऐक. आता फटफट वाजायलाय. जरा थांब. हां, आता बघ, जड झाला आवाज. उतरव.’ थोरली संगणकाची पदवी घेतलेली मुलगी. तिनं डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि दुसऱ्या घाण्याला आजीच्या आधी तीच म्हणाली, ‘झाला.’ आत्याबाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला, तो तिच्या नोकरीचं पत्र आलं त्या दिवशीही पाहिला नव्हता. पत्राचा त्यांना अभिमान होता. पण चिकाचा आवाज ओळखला, म्हणजे त्यांच्याजवळचं काहीतरी नातीकडे गेलं.

या मुलीला मी पलंगावर बसवून ‘आराम कर’ म्हणाले असते, तर हे कधी घडलं असतं?

आता कुरडयांवरून सावडीचं आठवलं, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. शेतात जशी सावड असते, आज तुझ्या रानात खुरपू, उद्या माझ्या, तशीच आमच्या गल्लीत उन्हाळकामाची सावड होती. मी लग्न होऊन परतूरला आले तेव्हा गल्लीतल्या बायका एकेका घरी एकेक दिवस जमत. ज्या घरी पुरुष माणूस नाही किंवा बाई आजारी आहे, त्या घरचं काम पहिल्या दिवशी व्हायचं. हा नियम कुणी लिहिला नव्हता आणि तो मोडलेला मी पाहिला नाही. बाजेवर धोतराचं जुनं पान अंथरलेलं असे, त्यावर आम्ही नव्या सुना ओळीनं कुरडया घालायचो आणि म्हाताऱ्या खाली बसून कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाच्या घरी दोन दिवस चूल नीट पेटलेली नाही, याचा छडा लावायच्या. छडा लागला की संध्याकाळी कुणीतरी पदराखाली पीठ झाकून त्या घरी जायचं. कुणी कुणाला उपकार म्हणून काही दिलं नाही. सावडीतलंच देणंघेणं होतं ते.

ती सावड आता विरळ झाली आहे. निम्म्या घरांतली लेकरं पुण्याला, संभाजीनगरला, मुंबईला आहेत. घरी राहिलेल्या बायकांचे गुडघे दुखतात, गच्ची चढवत नाही. बचत गटाच्या बायका कुरडया करून विकतात, त्या आणल्या की भागतं. मीही आणते, आणि त्या बायकांच्या हाती चार पैसे येतात याचा मला आनंदच आहे. विकतच्या कुरडया तळल्यावर छान फुलतात. पण त्या आणायला गेलं की शेजारणीच्या घरात काय चाललंय ते कळत नाही. यंदा आमच्या घरी काम निघालं म्हणून किती वर्षांनी मागच्या आळीतल्या काकू पहाटे स्वतःहून आल्या. त्यांची दोन्ही मुलं बाहेर आहेत. दुसऱ्या दिवशी थोरली न सांगता त्यांच्याकडे गेली आणि त्यांच्या खारोड्या घालून आली. मी तिला पाठवलं नव्हतं. तिनं आदल्या दिवशी सगळं पाहिलं होतं आणि आपली पाळी कधी ते तिचं तिनंच ओळखलं.

मला वाटतं, हैदराबादला जाताना हीच शिदोरी तिच्या सगळ्यात जास्त उपयोगाची आहे. तिथे ती अनोळखी मुलींबरोबर एका खोलीत राहणार. कुणीतरी आजारी पडेल, कुणाचे पैसे संपतील, कुणी दोन दिवस जेवणार नाही. ज्या मुलीनं सावड पाहिली आहे, ती अशा वेळी विचारत बसत नाही, उठून भात टाकते. आणि तिच्यावर वेळ आली तर दुसऱ्याचा हात घ्यायलाही लाजत नाही. घरात शेवटचे दिवस ताटावर बसवून वाढलेल्या लेकराला हे कुठून येणार? त्याला वाढून घ्यायची सवय लागते आणि परक्या गावात कुणी वाढत नाही म्हणून ते एकटं पडतं.

परतूरकरांना हैदराबाद काही नवं नाही. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपेपर्यंत आमची राजधानीच ती होती. १९०० साली मनमाडहून सिकंदराबादकडे मीटरगेजची गाडी सुरू झाली आणि आमच्या स्टेशनवरून पोरं तिकडे जायला लागली. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं ते १९५८ साली. त्याआधी वरचं शिक्षण म्हणजे उस्मानिया. आमच्या सासऱ्यांचे चुलते असेच हैदराबादला शिकायला गेले होते. आत्याबाई सांगतात की ते पेरणीला न चुकता येत, आणि आल्या दिवशी कपडे बदलून थेट तिफणीमागं चालू लागत. त्यांना कुणी ‘बसा’ म्हणत नसे. बहुतेक म्हणूनच शिक्षण झाल्यावर ते गावात परके झाले नाहीत.

तिफणीवरून धाकट्याचं सांगते. पेरणीआधी वखरपाळी झाली की वर आलेली धसकटं वेचावी लागतात, पऱ्हाटीच्या बुडख्यांचे ढीग लावावे लागतात. पाठ मोडणारं काम आहे. आमच्या ह्यांचं आणि धाकट्याचं गेल्या वर्षभरात फारसं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, पण समोरासमोर बसलं की दोघंही गप्प. ‘जेवलास का’ आणि ‘हो’ एवढंच. मी मधे बसून बोलणं जुळवायला बघायची, आणि त्यानं उलट दोघंही अवघडून उठून जायचे. या आठवड्यात ते दोघं सकाळी सहाला निघायचे आणि अकराला परत यायचे. एक दिवस हे आले, हातपाय धुतले आणि मला हळूच म्हणाले, ‘दोन वर्षं म्हणतोय. दोन वर्षांत नाही झालं तर माघारी येतो म्हणतोय, मोसंबी बघतो म्हणतोय.’

स्पर्धा परीक्षेला पुण्यात गेलेली किती मुलं वर्षामागून वर्षं तिथंच थांबतात, हे मराठवाड्यातल्या आईबापांना मी वेगळं सांगायला नको. वय वाढत जातं, घरी फोन कमी होतात, परत यायची लाज वाटायला लागते. ही मुदत त्याला आम्ही घातली असती तर त्याला ती शिक्षा वाटली असती. त्यानं ती स्वतः घातली, आणि बापाला सांगितली, तीही खाली वाकून धसकटं उचलता उचलता, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं म्हणून. आणि बापानं त्याला काय उत्तर दिलं, तर ‘मोसंबीला पाणी कधी तोडायचं अन् किती ताण द्यायचा, ते जायच्या आधी दाखवून ठेवतो.’ मुलगा हरला तर परत येईल म्हणून त्यांनी हे सांगितलं नाही. परत यावंसं वाटलं तर इथं त्याच्यासाठी जागा आहे, हे त्यांना सांगायचं होतं. बाप लोकांना हे असंच सांगता येतं, आणि त्याला रान लागतं.

परवा नणंदबाई आणि दाजी धोंड्याला आले. तेहतीस अनारसे, वर दिवा, तांब्याचं ताट, सगळं रीतीप्रमाणे झालं. जावयाला त्या दिवशी पाटावर बसवायचं, ओवाळायचं, त्याला उठू द्यायचं नाही. पाहुणचार हा असा असतो, आणि तो एका दिवसापुरताच छान असतो. पंगत झाल्यावर धाकटा पुरणाची पातेली घासायला बसला, तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, ‘अगं वहिनी, त्याला काऊन लावलंस? जायलाय ना लेकरू.’ मी त्यांना म्हटलं, ‘जायलाय म्हणूनच.’ दाजी हसले, बाह्या सरसावल्या आणि त्याच्याशेजारी जाऊन बसले. धोंड्याच्या दिवशी जावई भांडी घासतोय म्हणून आत्याबाई जरा चिडल्या, पण त्या दोघांच्या गप्पा इतक्या रंगल्या की पुढं कुणी काही बोललं नाही. दाजी पुण्यातच असतात. धाकट्याला खोली कुठं घ्यावी, मेस कशी बघावी, अडचण आली तर रात्री किती वाजता फोन केला तरी चालेल, हे सगळं त्या मोरीपाशी ठरलं.

यापुढचा अधिक महिना २०२९ मध्ये येईल, तो चैत्र असेल. तेव्हा माझी लेकरं कुठं असतील, त्यांना सुट्ट्या मिळतील की नाही, मला माहीत नाही. ती आली तर त्यांना पहिल्या दिवशी गोडाचं जेवण मिळेल आणि दुसऱ्या दिवशी काम. मी हे त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.

ज्या वाचकांची मुलं या जूनमध्ये घरातून निघणार आहेत, त्यांना माझं मनापासून सांगणं आहे. त्यांना हॉटेलात न्या, फोटो काढा, आवडीचं करून घाला, त्याला माझी ना नाही. पण त्याबरोबर एक काम त्यांच्या हाती द्या. ते खोटंखोटं, मन रमवायचं काम नको. जे त्यांनी केलं नाही तर घराचं खरंच अडेल, असं द्या. लोणच्याच्या कैऱ्या फोडायला द्या, विहिरीची मोटार दुरुस्त करून आणायला द्या, आजीला दवाखान्यात न्यायला द्या. माझं घर माझ्यावाचून अडतं, हे ज्या लेकराला माहीत आहे, ते कितीही लांब गेलं तरी घरचंच राहतं.