यादीत नाव आलं म्हणून गुन्हेगार?

‘वटवाघळांत नवा विषाणू सापडला’ अशी बातमी आली की आपल्याकडे पहिली सूचना येते ती झाड पाडायची. बसदीमागचा वड तोडा, ती घाण हाकला! आणि हे म्हणणाऱ्या कोण? पाणी गाळून पिणाऱ्या, दिवेलागणीआधी जेवण आटोपणाऱ्या आपणच. मैत्रिणींनो, मला याचा राग येतो.

मुळात ‘नवा’ म्हणजे काय? विषाणू जुनाच असतो, आपली त्याच्याशी ओळख नवी असते. शास्त्रज्ञ वटवाघळाच्या घशातला नमुना घेतात, त्यातल्या विषाणूची जनुकं वाचतात आणि तो कोणत्या कुळातला ते ठरवतात. निपाहचं कूळ ठाऊक आहे? गोवर आणि गालगुंड त्याचेच भाऊबंद. गोवर आलेल्या लेकराला आपण कधी घराबाहेर काढलं का?

निपाह माणसांत पहिल्यांदा ओळखला गेला तो मलेशियात, १९९८-९९ साली. तिथं डुकरं पाळायच्या जागेला लागूनच आंब्यासारखी फळझाडं लावली होती. वटवाघळांची उष्टी फळं खाली पडली, डुकरांनी खाल्ली, आणि डुकरांकडून आजार माणसांकडे आला. शंभरावर माणसं गेली, लाखो डुकरं मारली गेली. ती झाडं तिथं कुणी लावली? वटवाघळांनी?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. त्यांत निपाहच्या खुणा मिळाल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं. अशा नोंदी सावध राहण्यासाठी असतात, सूड घ्यायला नव्हे. केरळात २०१८ साली निपाह आला तेव्हा तो तपासणीत ओळखता आला, तो आधीच्या नोंदी होत्या म्हणूनच.

धोका नाहीच, असं मी म्हणत नाही. झाडावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळांतही निपाह असू शकतो. मग उष्टं, चोच-दात लागलेलं फळ खाऊ नका, पोरांना देऊ नका. मेलेलं वटवाघूळ हातानं उचलू नका. एवढं जमत नाही, आणि कुऱ्हाड तेवढी जमते? वड पाडला तर ती शेजारच्या गल्लीत जाऊन बसतील. वडाउंबराचं बी रानभर पेरणारं, मोहाला फळ धरवणारं हेच तर पाखरासारखं जनावर!

पंचमंडळी वडाचा विषय पुन्हा काढतील तेव्हा मागच्या सतरंजीवर गप्प बसू नका. उठून एवढं सांगा.