उपग्रह उडाला, पुढे काय?

7 फेब्रुवारी 2021 रोजी रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी बनवलेले 100 अतिलहान उपग्रह बलूनने आकाशात सोडण्यात आले. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने चालणाऱ्या फाउंडेशनचा तो उपक्रम होता. देशभरातली सुमारे 1000 मुले त्यात होती, महाराष्ट्रातलीही होती. विक्रम झाला, बातम्या आल्या, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले.

अशा उपक्रमांचे स्वागतच आहे. पण त्यांचा परिणाम उड्डाणाच्या दिवशी मोजता येत नाही. तो पाच-दहा वर्षांनी दिसतो, आणि तोही मधल्या काळात कोणी हात धरला तरच.

'आझादीसॅट'चे उदाहरण घ्या. 75 सरकारी शाळांतल्या 750 मुलींनी त्याचे 75 पेलोड तयार केले होते. 7 ऑगस्ट 2022 रोजी इस्रोच्या एसएसएलव्ही रॉकेटचे पहिलेच उड्डाण फसले आणि हा उपग्रह वाया गेला. सहाच महिन्यांनी, 10 फेब्रुवारी 2023 रोजी, 'आझादीसॅट-2' कक्षेत पोहोचला. कलामसाहेबांचे पहिले एसएलव्ही-3 रॉकेटही 10 ऑगस्ट 1979 रोजी समुद्रात कोसळले होते. 18 जुलै 1980 रोजी ते यशस्वी झाले. चूक शोधायची आणि पुन्हा उभे राहायचे, हे पाठांतराने येत नाही. हाताने काम केले की येते.

आता आपल्या यवतमाळ जिल्ह्याकडे पाहू. पुसद, दिग्रस, उमरखेडच्या उर्दू शाळेतली एखादी मुलगी नववीत सेन्सर जोडायला शिकली, असे समजा. दहावीनंतर विज्ञान घ्यायचे तर तिला बहुतेक वेळा माध्यम बदलावे लागते, कधी गावही सोडावे लागते. त्या वळणावर अब्बूंना पटवायला प्रमाणपत्र पुरत नाही. तिथे शिक्षक लागतो, शिष्यवृत्तीची माहिती लागते, आधी त्या वाटेने गेलेली एखादी आपा लागते.

पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' हा सुमारे एक किलोचा उपग्रह बनवला. तो 22 जून 2016 रोजी उडाला, पण त्यामागे अनेक वर्षांचे काम होते. जुनी मुले बाहेर पडत गेली आणि नव्या मुलांच्या हाती काम देत गेली. आपल्याला हीच साखळी हवी आहे.

त्यासाठी सरकारची वाट पाहत बसायची गरज नाही. इस्रोचा 'युविका' कार्यक्रम नववीच्या मुलांसाठी असतो आणि निवडीत ग्रामीण शाळांना जादा गुण मिळतात. अर्जाची तारीख मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरी पोहोचवणे आपल्या हातात आहे. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर मुलांना आपल्याच तालुक्याचे उपग्रहचित्र दाखवता येते. शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक ठेवून रोजची नोंद घेता येते. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात त्या नोंदीला किंमत आहे.

तुमच्यापैकी जे इंजिनिअरिंगला किंवा बीएस्सीला आहेत, त्यांनी महिन्यातला एक रविवार आपल्या जुन्या शाळेला द्यावा. आदित्य-एल1 मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी तामिळनाडूतल्या सेंगोट्टाई या छोट्या गावातून पुढे आल्या. आपल्या तालुक्यांतही तशा मुली आहेत. प्रश्न एवढाच की उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी कोण उभे असेल.