माल खपेल, पण नफा उरेल काय?

घरातील मुलाने धंदा काढण्याचा विचार बोलून दाखविला, की वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात, “माल खपेल ना?” प्रश्न रास्त आहे, पण तो अपुरा आहे.

विमानवाहतुकीचेच उदाहरण पाहा. गेल्या तीन दशकांत भारतातील विमानप्रवासी अनेक पटींनी वाढले. तरीही २००५ साली सुरू झालेली किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. १९९३ पासून चाललेली जेट एअरवेज २०१९ मध्ये थांबली. गो फर्स्टची सेवा २०२३ मध्ये संपली. प्रत्येकीची कारणे निराळी होती, हे खरे. परंतु या धंद्याची घडणच मुळात बिकट आहे.

अशी घडण तपासण्याची रीत हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ साली एका लेखात मांडली. नफ्याला पाच बाजूंनी ओढ लागते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पहिली ओढ प्रतिस्पर्ध्यांची. रिकाम्या राहिलेल्या आसनाची कमाई कायमची बुडते. म्हणून एकाने भाडे उतरविले की दुसऱ्यालाही ते उतरवावे लागते. दुसरी ग्राहकाची: प्रवासी सर्वांची भाडी क्षणात ताडून पाहतो. तिसरी माल पुरविणाऱ्यांची: मोठी प्रवासी विमाने बनविणारे मुख्यतः बोइंग आणि एअरबस हे दोघेच. चौथी पर्यायाची: जवळच्या प्रवासाला रेल्वे आहेच. पाचवी नवागताची: विमाने भाडेपट्ट्याने मिळत असल्याने नवा गडी मैदानात उतरू शकतो.

याच मैदानात २००६ साली उतरलेल्या इंडिगोने मात्र पाय रोवले. आरंभीची अनेक वर्षे तिने एकाच जातीची विमाने वापरली. त्यामुळे दुरुस्ती आणि वैमानिकांचे शिक्षण यांवरील खर्च आटोक्यात राहिला. घडण ओळखून आखलेले धोरण ते हेच.

आपला धंदा विमानांचा नसेल, पिठाच्या गिरणीचा असेल; तरी प्रश्न तेच. शेजारच्या गिरण्या भावावर झुंजतात की कामाच्या गुणावर? चार आण्यांच्या फरकासाठी गिऱ्हाईक उठून जाईल काय? विजेचा दर वाढला तर तो दळणावर चढविता येईल काय? तयार पिठाची पिशवी गिऱ्हाईक पळवील काय? उद्या समोरच दुसरी गिरणी उभी राहिली, तर आपल्यापाशी वेगळे काय आहे?

घरातले दागिने गहाण टाकण्यापूर्वी या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर मांडावीत. उत्तरे प्रतिकूल निघाली, तर बेत बदलण्यात कमीपणा नाही. दागिने तरी घरात राहतील.