ओटीवरचा दिवा इन्व्हर्टरवर नको

आमच्या ओटीवरचा नऊ वॅटचा दिवा मी इन्व्हर्टरच्या लाइनवरून मुद्दाम काढून घेतला. वायरिंग करणाऱ्या पोराला ते काही पटेना. "बाई, लोक उलटं मागतात," म्हणाला. मागू देत. मला तो दिवा विझायलाच हवा आहे.

झालं असं. आमचं गाव दापोली तालुक्यातलं. वरची आळी आणि खालची वाडी एकाच डीपीवर. एका श्रावणात संध्याकाळी डीपीवरचा फ्यूज उडाला. वरच्या आळीत घरटी इन्व्हर्टर, त्यामुळे दिवे लुकलुकलेसुद्धा नाहीत. गारव्याने पंखे बंदच होते, म्हणून बॅटऱ्या रात्रभर पुरल्या. खालच्या वाडीने वर पाहिलं, उजेड दिसला. त्यांना वाटलं, बिघाड आपल्याच वायरीत आहे, सकाळी बघू. मला पत्ता लागला तो सकाळी, फ्रीजखाली पाण्याचं थारोळं दिसल्यावर. फ्रीज इन्व्हर्टरवर नाही ना! दुपारी वायरमन आला तो मलाच म्हणाला, "तुमच्या आळीतून फोनच नाय आला बाई. म्हटलं, लाईट असतील."

खालच्या वाडीत त्या रात्री एक बाळंतीण होती. आठ दिवसांचं मूल आणि मेणबत्ती.

भारनियमनाच्या वर्षांत दहा-दहा तास वीज जायची, तेव्हा मी स्वतः कंदील मोर्चात चालले आहे. त्या मोर्चात पुढे कोण होते? शिक्षक, दुकानदार, पेन्शनर. म्हणजे ज्यांचं बोलणं कचेरीत ऐकून घेतात ते. आज त्या प्रत्येकाच्या जिन्याखाली बॅटरी आहे आणि तक्रारीचा फोन फिरवायला कोणालाच सवड नाही. आपण वीस-पंचवीस हजार मोजले ते उजेडासाठी, पण त्यात आपला आवाजही विकला गेला, असं माझं मत झालं आहे.

आणि विकत तरी काय घेतलं? इन्व्हर्टर वीज तयार करत नाही, तारेवरून आलेली साठवून ठेवतो, तीही पूर्ण परत देत नाही. शंभर युनिट घातली तर सत्तरच्या आसपास हाती येतात. माझी बॅटरी बारा व्होल्टची, दीडशे अँपिअर-अवरची. गुणाकार केला तर अठराशे वॅट-तास. पण शिशाची बॅटरी दर वेळी तळापर्यंत ओढली तर लवकर मरते. निम्मी वापरायची, त्यातही थोडी इन्व्हर्टरच खातो. उरतात साडेसातशेच्या आसपास. पंचाहत्तर वॅटचे दोन जुने पंखे आणि चार दिवे लावले की चार तासांत खेळ खलास. मी पंखे बदलून तीस वॅटचे बीएलडीसी घेतले, तेव्हा तीच बॅटरी आठ तासांच्या जवळ गेली. दुकानदार मात्र मोठी बॅटरीच गळ्यात मारत होता. पंख्याचं नाव त्याने काढलं नाही.

साठवलेल्या विजेची खरी किंमत कळली ती निसर्ग वादळात. ३ जून २०२० ला वादळ आलं आणि खांब काडीसारखे मोडून पडले. आमची बॅटरी दुसऱ्या रात्री संपली. त्यानंतर तीन आठवड्यांवर लाईट नव्हते. बॅटरी तशीच रिकामी पडून राहिली आणि आतल्या पट्ट्यांवर सल्फेट धरून कडक झालं. लाईट आल्यावर चार्जिंगचा दिवा लागला, पण बॅटरी काही उठली नाही. भंगारवाल्याला न देता नव्या बॅटरीच्या बदल्यात दुकानात जमा केली. शिसं परसात वितळवलं जाण्यापेक्षा ते बरं.

शेजारच्या काकांची तऱ्हा वेगळी. त्यांनी बॅटरीत विहिरीचं पाणी घातलं. "आमचं पाणी गोड आहे," म्हणे. बॅटरीला गोड-खारं कळत नाही, तिला क्षार चालत नाहीत. वर ती बॅटरी देवघरात, समईपासून हातभरावर. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, हे सांगितल्यावर समई हलली नाही, बॅटरी पडवीत गेली. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी खर धरली होती. बॅटरी बंद करून, तारा सोडवून ती गरम पाण्याने धुतली आणि व्हॅसलिन लावलं. कंपाउंडरचं काम मी शाळेतही करायचे.

म्हणजे इन्व्हर्टर काढून टाका, असं मी म्हणत नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलाने अंधारात बसावं, असं कोण म्हणेल? पण केंद्राने २०२० च्या अखेरीला वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. त्यात वीज चोवीस तास देणं हे वितरण कंपनीचं काम म्हटलं आहे. विलंबासाठी भरपाईही आहे. पण वीज गेल्याचं आपल्यालाच कळलं नाही, तर तक्रारीची नोंद कशाची करणार आणि भरपाई कोणत्या तासांची मागणार?

परवा तिन्हीसांजेला काका फाटकातून ओरडले, "बाई, तुमच्या ओटीवरचा दिवा गेलाय. बल्ब उडाला काय?"

आत पंखा फिरत होता, टीव्ही चालू होता. मी चष्मा शोधला आणि वीज कार्यालयाचा नंबर लावला.