विश्लेषण : दुचाकीवर असताना वीज कडाडली, तर झाडाखाली का थांबू नये?

दारव्ह्याहून यवतमाळ साधारण 40 किलोमीटर. कारंजा, दिग्रस, नागपूर किंवा रामनवमीला पोहरादेवी, आपल्याकडे प्रवास बहुतेक दुचाकीनेच होतो. मार्च ते जून हा अवकाळी पावसाचा आणि विजांचा काळ. 2022 मध्ये देशात विजेने 2,887 जणांचा बळी घेतल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे.

रबरी टायर वाचवतात का?
नाही. ढगातून कित्येक किलोमीटर हवा फोडून आलेल्या विजेला चार इंच रबराचे काय? बंद मोटारीत माणूस वाचतो तो भोवतीच्या धातूच्या सांगाड्यामुळे. दुचाकीवर तो सांगाडाच नसतो, उलट मोकळ्या माळावर चालकच सर्वांत उंच ठरतो.

मग थांबायचे कुठे?
पाऊस आला की आपण कडुलिंबाखाली गाडी लावतो. चूक नेमकी इथेच होते. झाडावर पडलेली वीज खोडातून शेजारच्या माणसावर उडी घेते, जमिनीतूनही पसरते. पक्के घर, शाळा, ढाब्याची खोली किंवा उभी एसटी बस गाठावी. जवळ काहीच नसेल तर गाडी, झाड, तारेचे कुंपण आणि खांब यांपासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. हा नाइलाजाचा उपाय आहे, आसऱ्याची बरोबरी तो करत नाही.

वीज किती लांब आहे, हे कसे कळते?
लखलखाट दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला, म्हणजे वीज 10 किलोमीटरच्या आत आहे, थांबा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास निघू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अॅप परिसरातील विजांचा इशारा देते. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा पुढच्या तीन तासांचा अंदाजही निघण्यापूर्वी पाहावा. सकाळचा अंदाज दुपारी जुना झालेला असतो.

आणि नाल्याला पूर असेल तर?
28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावर पुराच्या पाण्यात घातलेली एसटी बस वाहून गेली, प्रवासी दगावले. बसची ही गत, तर दुचाकीचे वजन ते किती! घोटाभर वाहत्या पाण्यातही पाय सुटतो, शिवाय खालचा रस्ता खचला आहे का, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. आपल्या भागातील छोट्या नाल्यांचा पूर बहुधा काही तासांत ओसरतो. तेवढा वेळ अलीकडच्या गावात काढता येतो.