पिकअपला पिकअप नाही

आपल्याकडे 'पिकअप' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक म्हणजे मागे हौदा असलेली गाडी, आणि दुसरा म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी घेते ती उसळी. माझ्याकडे जी १९९५ सालची फोर्ड एफ-१५० आहे तिच्यात पहिला अर्थ होता, दुसरा नव्हता. इथे डॅलसजवळ हायवेच्या रॅम्पवर चढायचं म्हणजे आधी आरशात बघायचं, मग देवाचं नाव घ्यायचं, मग पाय तळाला टेकवायचा. मित्रमंडळी तिला 'टोमॅटोचा टेम्पो' म्हणतात. म्हणोत बापडे.

जुनी गाडी थोडी चपळ करायची आहे आणि खिशात हजार-बाराशे डॉलर आहेत, तर ते कुठे खर्च करावेत? याचं मला पटलेलं उत्तर असं की इंजिनावर जवळजवळ काहीच करू नये. आधी ब्रेक, मग हरवलेली ताकद शोधणं, मग चाकं, आणि शेवटी मागचा अ‍ॅक्सल. ज्यांच्याशी बोललो त्यातल्या बहुतेकांनी नेमका उलटा क्रम सांगितला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी गाडीची ओळख. इंजिन ४.९ लिटरचं, सरळ रांगेत सहा सिलिंडर. जुनी मंडळी त्याला क्युबिक इंचांवरून 'तीनशे' म्हणतात. फोर्डने हे इंजिन १९६५ ते १९९६ अशी तीन दशकं बनवलं. यूपीएसच्या तपकिरी पार्सल व्हॅन्समध्येही ते होतं. ताकद जेमतेम १५० हॉर्सपॉवर. तुलनेसाठी, इथल्या देसी कुटुंबांची लाडकी होंडा ऑडिसी आज २८० हॉर्सपॉवरची आहे. म्हणजे दोन मुलं, आजी-आजोबा आणि पटेल ब्रदर्सच्या पिशव्या घेऊन जाणारी मिनीव्हॅन मला सहज मागे टाकते. पण या इंजिनाचा टॉर्क २६० पौंड-फूट, आणि तोही २००० आरपीएमलाच. थोडक्यात हा बैल आहे, घोडा नाही. ३४०० आरपीएमच्या पुढे त्याला दम लागतो. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

कोड हळू चालतो म्हणून कोणी नवीन सर्व्हर मागायला आला तर आपण त्याला पहिला प्रश्न काय विचारतो? "प्रोफाइल केलंस का?" गाडीच्या बाबतीत मात्र हेच लोक थेट ऑनलाइन कोन फिल्टर आणि 'परफॉर्मन्स चिप' मागवतात. ती पंधरा-वीस डॉलरची चिप उघडून बघा एकदा. बऱ्याचदा आत एक साधा रेझिस्टर असतो. तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या जागी बसतो आणि काँप्युटरला खोटंच सांगतो की बाहेर कडाक्याची थंडी आहे. काँप्युटर बिचारा जास्त पेट्रोल सोडतो. झालं परफॉर्मन्स! कोन फिल्टरचंही तेच. फॅक्टरीचा डबा पुढून, बाहेरची गार हवा घेतो. तो काढून उघडा कोन बसवला की इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढतं. आवाज मात्र छान येतो, आणि आवाजाला आपला मेंदू वेग समजतो. म्हणून घड्याळ हवं.

मी मोजायला एकच गोष्ट धरली: तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ६० मैलांवर जायला लागणारा वेळ. तोच लांब रॅम्प, रविवारची सकाळ, गाडीत मी एकटा, वेग जीपीएसवरचा. सुरुवातीला सरासरी ११.८ सेकंद.

आता ब्रेक. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. ६० ऐवजी ७० ने जाणारी गाडी थांबवायला ३६ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते, वेगाच्या वर्गाचा हिशेब आहे तो. या पिढीच्या एफ-१५० ला पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि एबीएस फक्त मागच्या चाकांना. मागे दोनच चाकांना का? कारण हौदा रिकामा असला की मागे वजनच नसतं. ओल्या रस्त्यावर ती चाकं आधी जॅम होतात आणि गाडी फिरते. माझ्या गाडीत मागच्या एका ड्रमचा व्हील सिलिंडर पाझरत होता आणि त्या बाजूचे लायनर ब्रेक ऑइलने भिजले होते. पेडल दाबून हे कळत नव्हतं; ड्रम काढल्यावर दिसलं. आणि आता इथे ते दुसरं कोणी बघणारही नाही. १ जानेवारी २०२५ पासून टेक्ससने खासगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद केली. डॅलससारख्या काउंट्यांत धुराची चाचणी राहिली, पण तीही २४ वर्षांपर्यंतच्याच गाड्यांना. म्हणजे तीस वर्षांची गाडी, बाराशे डॉलरचा उत्साह, आणि तपासनीस कोण, तर तुम्ही स्वतः! सिलिंडर, लायनर, पुढचे पॅड, रबरी होज आणि ताजं ऑइल: २३० डॉलर. सेकंदात एका शतांशाचाही फरक पडला नाही. तरीही पहिला खर्च हाच.

मग हरवलेली ताकद. १९९५ च्या या काँप्युटरला आजच्यासारखा स्कॅनर लागत नाही. बॉनेटखालच्या कनेक्टरमध्ये एक वायरचा तुकडा अडकवायचा आणि 'चेक इंजिन' दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. एक-एक-एक म्हणजे सगळं आलबेल. माझ्याकडे ऑक्सिजन सेन्सरची तक्रार आली. लुकलुकत्या दिव्यातून स्टॅक ट्रेस वाचण्यात जी मजा आहे ती आजच्या टचस्क्रीनमध्ये नाही हो. सेन्सर, प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, रोटर, पेट्रोल फिल्टर बदलले. टायमिंग मागे सरकलं होतं, ते फॅक्टरीने सांगितलेल्या १० अंशांवर आणलं (त्याआधी डिस्ट्रिब्युटरजवळचा स्पाउट कनेक्टर काढावा लागतो, नाहीतर काँप्युटर मध्ये लुडबुड करतो). १३० डॉलर; ११.८ चे ११ सेकंद झाले. यात 'वाढ' काहीच नाही, जे मूळचं होतं ते परत आलं.

चाकांची गोष्ट त्याहून गमतीची. आधीच्या मालकाने रुबाबासाठी ३१ इंची टायर घातले होते. मूळ मापाचे २३५/७५ आर १५ भरतात २८.९ इंच. मोठं चाक म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर, म्हणजेच उंच गिअर. सरळ हिशेब: ढकलण्याचा जोर ७ टक्के कमी. शिवाय स्पीडोमीटर खोटं बोलतो. काटा ६५ वर असताना गाडी खरी ७० च्या आसपास असते. त्या टायरची नक्षी चांगली होती, पण बाजूच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे पाहिले: २३११. म्हणजे २०११ सालचा २३ वा आठवडा! वेग वाढवायला निघालेल्या माणसाने एवढं जुनं रबर चालवू नये, आणि दुसऱ्याला विकूही नये. भंगारातून मूळ रिम ८० डॉलरला आणि साधे नवे टायर ४२० ला. यादीतला सर्वात मोठा खर्च. घड्याळ म्हणालं १०.३.

आणि आता खरा मसाला, मागचा अ‍ॅक्सल. त्यातल्या क्राउन-पिनियनचं प्रमाण माझ्या गाडीत ३.०८ होतं. म्हणजे शाफ्टचे ३.०८ फेरे झाले की चाकाचा एक. पेट्रोल वाचावं म्हणून फोर्डने हे प्रमाण बऱ्याच गाड्यांना दिलं. त्याच गाडीत ३.५५ चा अ‍ॅक्सलही येत असे. ३.०८ ऐवजी ३.५५ म्हणजे त्याच गिअरमध्ये चाकावर १५ टक्के जास्त जोर. १५० हॉर्सपॉवरच्या इंजिनातून एवढीच वाढ काढायची तर बावीस-तेवीस हॉर्सपॉवर हवेत. या बजेटात ते मिळत नाहीत.

फक्त क्राउन-पिनियन बदलण्याच्या फंदात मात्र पडू नका. पिनियनची खोली, बॅकलॅश, शिम हे सगळं हजारांश इंचात जुळवावं लागतं, आणि ते काम जाणकार गॅरेजवाल्याने केलं तर मजुरीतच बजेट संपतं. अख्खा अ‍ॅक्सल भंगारातून आणायचा. ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर अ‍ॅक्सलचा कोड असतो: १९ म्हणजे ३.५५, एच९ म्हणजे ३.५५ लिमिटेड स्लिप. स्टिकर गेला असेल तर डिफरन्शियलच्या झाकणावरचा पत्रा बघा. तोही नसेल तर एकच मागचं चाक उचला, ते दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. साडेतीनच्या थोडे वर भरले की खिशात हात घाला. मला साधा १९ मिळाला, १९० डॉलरला. गिअर ऑइल, नवे यू-बोल्ट (जुने परत वापरू नयेत) वगैरे ७० डॉलर. दोन मित्र, एक शनिवार, गाडी जॅकवर नाही तर भक्कम स्टँडवर. ब्रेकची नळी उघडावी लागते, म्हणून हवा पुन्हा काढायची. स्पीडोमीटरला काही करावं लागलं नाही, कारण १९९२ नंतरच्या या गाड्यांत त्याचा सेन्सर अ‍ॅक्सलमध्येच, क्राउनच्या वेगावर चालतो.

घड्याळ: ९.२ सेकंद.

चाकं आणि अ‍ॅक्सल मिळून कागदावर जोर २४ टक्क्यांनी वाढतो. घड्याळावर तेवढा दिसला नाही, आणि दिसायलाही नको होता. गिअर बदलून हॉर्सपॉवर वाढत नाही. हवेचा विरोध तोच राहतो, आणि ६० मैलांना तिसऱ्यात इंजिन आता ३७०० च्या जवळ जातं, जिथे आपल्या बैलाला धाप लागलेली असते. पण ४५ ला, जिथे रॅम्पवर खरी गरज असते, तिथे आधी ते २२५० वर रेंगाळत होतं, आता २७५० वर जोमात असतं. किंमत? ६५ मैलांना पाचव्या गिअरमध्ये आरपीएम १७५० वरून २१५० झाले आणि गॅलनमागे साधारण एक मैल कमी मिळतो. रोज शंभर मैल हायवेवर जाणाऱ्याने हा सौदा करू नये, असं माझं मत.

"एवढ्यात जुनी मस्टँग नसती का आली?" असं एकाने विचारलं. बाराशेत येणारी मस्टँग मी पाहिली आहेत, तीही आधी ब्रेकच मागते. दुसऱ्याचा सल्ला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा होता. चाचणी नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही, फेडरल क्लीन एअर अ‍ॅक्टखाली तो गुन्हाच आहे; आणि मागून सायकलवर येणाऱ्याच्या नाकात तो धूर का जावा? टर्बोचंही कोणीतरी सुचवलं. या इंजिनावर लोक बसवतात, चालतोही. पण टर्बो, पाइप, जास्त पेट्रोलची सोय आणि ते सांभाळणारं ट्यूनिंग बाराशेत कसं बसतं ते त्यांनीच सांगावं. असो.

एकूण खर्च ११२०. उरलेल्या ८० डॉलरमधून पुढच्या रेडियस आर्मचे बुश घ्यायचे आहेत, कारण जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग अजून थोडं डावीकडे ओढतं. आकडे पुढच्या शनिवारनंतर टाकतो :-)