भाड्याची खोली आणि गॅसचं कार्ड

जळगावात भरीत-पुरी करून विकणाऱ्या, धुळ्यात कॉलेजच्या मुलांना डबे पुरवणाऱ्या कितीतरी बायका भाड्याच्या खोलीत राहतात आणि तिथेच धंदा करतात. खोली ठरवताना बोलणं होतं ते डिपॉझिट, पाणी आणि लाइटबिलाचं. उद्या सिलिंडरचा भडका उडून शेजारचं पोर भाजलं, तर भरपाई कोण देणार, हा विषय निघतच नाही.

‘सार्वजनिक दायित्व विमा’ म्हटलं की कारखाने आठवतात. भोपाळनंतर १९९१ साली आलेला कायदा आहेच घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी. पण त्याच जातीचा एक विमा आपल्या ओट्यापर्यंत येतो. तेल कंपन्या तो नोंदणीकृत गॅस ग्राहकांसाठी काढतात. ग्राहकाला हप्ता नाही. गॅसच्या अपघातात मृत्यू झाला तर ६ लाख रुपये, उपचाराला माणशी २ लाखांपर्यंत, नोंदलेल्या जागेतल्या नुकसानीला २ लाखांपर्यंत, अशी त्याची तरतूद.

गोम आहे ती ‘नोंदलेल्या’ या शब्दात. कार्ड नवऱ्याच्या नावावर, पत्ता गावाकडचा, सिलिंडर मात्र शहरातल्या खोलीत. त्यातून घरगुती सिलिंडरवर धंदा करणं नियमात बसत नाही. मग दावा करताना ती बाई उभी राहणार कशावर?

माझं म्हणणं असं, की आपल्या गटांनी रेशनकार्डाइतक्याच आस्थेने गॅसचं कार्ड तपासावं. २०२१ च्या उज्ज्वला २.० मध्ये स्थलांतरित बाईला पत्त्यासाठी स्वतःचं घोषणापत्र चालतं. भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. धंदेवाल्या बाईला व्यावसायिक सिलिंडर हवा. वर दुकानाच्या विम्यात गिऱ्हाइकाला झालेल्या इजेचा भाग घेता येतो. हप्ता एकटीला जड जाईल, तिथे बचत गटाने हात द्यावा.

‘एवढे कागद मागितले तर मालक खोलीच देणार नाही,’ असं बायका म्हणतात, आणि ते खोटं नाही. एकटीला, त्यात टाकलेलीला, आधीच दहा दारं फिरावी लागतात. म्हणूनच मालकाशी बोलायला गटातल्या दोघींनी तरी तिच्यासोबत जावं.

अपघात झालाच, तर वितरकाला लगेच लेखी कळवायचं. दावा त्याच्यामार्फतच पुढे जातो. ‘स्टोव्हचा भडका’ या दोन शब्दांखाली किती मरणं दडपली गेली ते आपण पाहिलं आहे, तेव्हा पंचनाम्याच्या वेळी कार्यकर्तीने तिथे हजर असावं. वितरकाला दिलेल्या अर्जाची पोचही घ्यावी, तारखेसकट.